मधुमेह आणि व्यायाम: ओपीडीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

‘चालत जा, व्यायाम करा’ एवढं सांगून मधुमेहाची पहिली भेट बहुतेकदा संपते. गोळी देताना डॉक्टर नाव लिहितात, मिलिग्रॅम लिहितात, जेवणाआधी की नंतर तेही लिहितात. व्यायामाच्या वाट्याला मात्र चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ येते. किती, कधी, कोणता आणि कुणी काय टाळायचं, हे विचारायचं राहून जातं. ते प्रश्न इथे घेतले आहेत. टाइप २ मधुमेह (इन्सुलिन असूनही ते नीट काम करत नाही, तो) असलेल्यांचे प्रश्न जास्त असतात म्हणून तेच इथे जास्त आहेत. टाइप १ साठी (शरीरात इन्सुलिन बनणंच जवळपास बंद होतं, तो) वेगळा प्रश्न आहे, तो वगळू नका.

व्यायामानं शुगर उतरते म्हणजे नेमकं काय होतं?

रक्तातली साखर स्नायूंच्या पेशीत शिरायला एरवी इन्सुलिन लागतं. मधुमेहात एक तर ते कमी पडतं किंवा असूनही त्याचा परिणाम होत नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा मात्र साखर आत घेणारी प्रथिनं, त्यांना ‘ग्लूट-४’ म्हणतात, इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. म्हणून इन्सुलिनला दाद न देणारं शरीरही चालायला लागल्यावर साखर वापरतं.

दुसरा फायदा नंतरचा. व्यायाम झाल्यावर साधारण एक ते दोन दिवस तेच इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. मग तो परिणाम ओसरतो. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, हा नियम इथूनच आला. रविवारी सिंहगड आणि सोमवार ते शनिवार खुर्ची, यात दम वाढेल, पण गुरुवारच्या शुगरला त्या रविवारचा काही पत्ता नसतो.

आणखी एक गोष्ट वजनकाट्याकडे बघून निराश होणाऱ्यांसाठी. नेमून दिलेला व्यायाम काही महिने नियमित केला तर तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, अंदाजे ०.६ ते ०.७ टक्क्यांनी उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत दिसलं आहे. वजन फारसं न हलताही ती उतरते. कागदावर आकडा लहान दिसतो, पण काही गोळ्यांचा परिणामही याच्याच आसपास असतो.

मग किती करायचा?

आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, आठवड्यातल्या किमान तीन दिवसांत विभागलेला. त्याच्या जोडीला दोन किंवा तीन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि अशा दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा. साठीच्या पुढे तोल सांभाळण्याचा सरावही हवा. शिवाय बैठं काम असेल तर दर अर्ध्या तासानं उठून दोन-तीन मिनिटं हालचाल.

मध्यम जोर कसा ओळखायचा? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. आरामात गुणगुणता येत असेल तर वेग वाढवा. एक वाक्य पुरं करायलाही थांबावं लागत असेल तर तो जोराचा व्यायाम झाला. तो जमत असेल तर ७५ मिनिटं पुरतात, पण पहिल्या महिन्यात तिकडे जाऊ नका.

ज्यांनी वर्षानुवर्षं काहीच केलेलं नाही त्यांनी १५० चा आकडा बघून घाबरू नये. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, तीही सपाट रस्त्यावर, इथून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा.

डॉक्टर, मी रोज तासभर चालतो, तरी शुगर का उतरत नाही?

या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर नाही, उलट प्रश्नच आहेत.

किती वेगानं चालता? सकाळी बागेत चौघांचा घोळका गप्पा मारत फिरतो, त्यात माणसं भेटतात आणि मन ताजं होतं. ते चांगलंच आहे. पण तासाभरात तीन किलोमीटर झाले असतील तर हृदयाला आणि स्नायूंना विशेष काही कळलेलंच नसतं.

नंतर काय खाता? बागेच्या फाटकावर कारल्याचा रस पिऊन कोपऱ्यावर वडापाव खाणारे पुष्कळ आहेत. अर्धा तास भरभर चालून सुमारे १२० ते १५० कॅलरी खर्च होतात आणि एक वडापाव त्याच्या दुप्पट परत देतो. (कारल्याचा रस तो वडापाव पुसून टाकत नाही.)

किती वर्षं तेवढंच चालता? तीन वर्षांपूर्वी ज्या फेरीनं धाप लागायची ती आता सहज होत असेल, तर शरीर सरावलं आहे. वेग, चढ किंवा वेळ यांपैकी काहीतरी वाढवायला हवं.

आणि फक्त चालताच का? ताकदीचा व्यायाम शून्य असेल तर जिथे साखर खर्च व्हायची तो स्नायू वयाबरोबर कमी होत राहतो. नुसतं चालणं किंवा नुसती वजनं यांपेक्षा दोन्ही एकत्र केल्यानं एचबीए१सी जास्त उतरतो, हे कॅनडा आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे.

हे सगळं नीट असूनही शुगर उतरत नसेल तर चालण्याला दोष देऊ नका. आजार जसा जुना होतो तसं स्वादुपिंडाचं इन्सुलिन कमी होत जातं, मग औषध बदलावं लागतं. ‘अजून थोडं चालतो, पण गोळी वाढवू नका’ असं म्हणत वर्ष घालवणाऱ्यांचं नुकसान होताना दिसतं.

मी तर सडपातळ आहे. मला व्यायामाची काय गरज?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

आपल्याकडे हे घरोघरी आहे. हातपाय काटकुळे, पोट पुढे, आणि काट्यावर वजन ‘नॉर्मल’. अशा माणसानं वजन उतरवण्याच्या मागे लागून जेवण तोडलं तर आधीच कमी असलेला स्नायू आणखी जातो. त्यानं कमरेचा घेर बघावा आणि ताकदीच्या व्यायामाला चालण्याइतकंच महत्त्व द्यावं.

जिममध्ये जाणं जमणार नाही. घरी काय करू?

जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुढे-मागे होणं (भिंतीवरचे जोर म्हणा), ओट्याला धरून टाचा उचलणं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, पाण्याची एक लिटरची बाटली हातात धरून कोपरातून वर आणि मग खांद्यावर नेणं, रबरी पट्टा दाराला अडकवून मागे ओढणं. एवढ्यात शरीराचे बहुतेक मोठे स्नायू येतात.

प्रत्येक प्रकार दहा ते पंधरा वेळा, आधी एक फेरी, दोन-तीन आठवड्यांनी दोन. शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण वाटल्या पाहिजेत. पंधराव्यांदाही सहज होत असेल तर बाटली दोन लिटरची घ्या. जोर लावताना श्वास सोडायचा, सैल करताना घ्यायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं, आणि ज्यांच्या डोळ्यांना किंवा हृदयाला त्रास आहे त्यांना ते परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील. ते चालतं. सांध्यात कळ आली तर तो प्रकार थांबवा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असताना व्यायामाशी मेळ न बसणारं अंगभर स्नायूदुखणं किंवा गडद लघवी झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा.

दिवसभर घरकाम करते. तेवढा व्यायाम होतोच ना?

काही होतो, सगळा नाही. विहिरीचं पाणी ओढणारी, शेतात निंदणी-खुरपणी करणारी बाई दिवसभरात आपल्या १५० मिनिटांच्या पुढे गेलेली असते. तिला मी ‘चालायला जा’ म्हणणार नाही, पोटभर जेव आणि पायात चप्पल घाल म्हणेन. पण फ्लॅटमध्ये ओट्याशी उभं राहून केलेल्या कामानं पाय आणि कंबर दुखते, दम मात्र लागत नाही. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला असं नसतं. वर दिलेली कसोटी लावा: काम करताना गाणं म्हणता येतं का?

सकाळी चालावं, संध्याकाळी, की जेवणानंतर?

जी वेळ टिकेल ती. हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल, पण खरं आहे.

तरीही निवड करता येत असेल तर जेवणानंतरच्या वेळेकडे बघा. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा केव्हाही अर्धा तास चालण्यापेक्षा तीनही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यानं जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपली रात्रीची पद्धत आठवा: साडेनऊला भात, दहाला मालिका, अकराला अंथरूण. तिथे दहा मिनिटं इमारतीखाली किंवा गच्चीवर येरझाऱ्या घातल्या तर तो वेळ कामी येतो. ‘शतपावली’ करायला आजी सांगायची, ती शंभर पावलांवर न थांबवता हजारावर न्या.

सकाळी उपाशीपोटी चालणं कुणाला चालतं, हे गोळ्यांवर ठरतं. तोच पुढचा प्रश्न.

माझ्या गोळ्या चालू आहेत. व्यायाम करताना शुगर लो होईल का?

गोळ्यांची पाकिटं समोर घेऊन बसा आणि बारीक अक्षरातली औषधाची नावं वाचा, कंपनीनं दिलेलं मोठं नाव नव्हे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल तर शुगर लो होऊ शकते. या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, जेवलात की नाही हे त्या बघत नाहीत. इन्सुलिनचं इंजेक्शन असेल तर तोच धोका, थोडा जास्तच. वय जास्त आणि किडनी थकलेली असेल तर या गोळ्या शरीरात रेंगाळतात, मग लो झालेली शुगर पुन्हा पुन्हा लो होते.

नुसतं मेटफॉर्मिन, किंवा त्याच्या जोडीला सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, पायोग्लिटाझोन यांपैकी काही असेल तर व्यायामानं लो होण्याची शक्यता फार कमी. अशांनी पहाटे रिकाम्या पोटी चालायला हरकत नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांची शुगरही सहसा लो होत नाही, पण या गोळ्या लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही बाहेर काढतात. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी खेळायला उतरणार असाल तर पाणी जास्त लागेल. आणि उपाशी राहून लांबलचक व्यायाम या गोळ्यांवर करू नका. शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठून माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

लो होण्याची लक्षणं: हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात घोळ. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो. कारण नसताना घाम फुटला तर त्यांनी आधी शुगर तपासावी.

लो झालीच तर काय खायचं?

७० च्या खाली गेली, किंवा मोजायला यंत्र नाही आणि लक्षणं आहेत, तर व्यायाम तिथेच थांबवा. १५ ग्रॅम साखर लगेच घ्या: तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा साधारण अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटं बसा, पुन्हा तपासा. ७० च्या वर आली नसेल तर परत तेवढंच. वर आली की बिस्किटं, पोळी असं काहीतरी खा, आणि त्या दिवशी पुन्हा व्यायाम नको.

खिशात पेढा, चिक्की, चॉकलेट ठेवणारे बरेच असतात. त्यातली चरबी साखर पोटात रोखून धरते, म्हणून तातडीला ते उपयोगी नाहीत.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे फार कमी जणांना सांगितली जाते. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही औषधं एकाच गोळीत असलेली पाकिटं इथे खूप चालतात. व्होग्लिबोज (आणि अकार्बोज) आपल्या घरातल्या साखरेचं पोटातलं विघटन मंद करतं. म्हणजे ग्लिमेपिराइडनं शुगर लो झाली आणि तुम्ही चमचाभर साखर तोंडात टाकली तर ती वेळेवर पोचत नाही. अशांनी खिशात ग्लुकोज पावडरच ठेवावी, साखर किंवा गूळ नाही. पाकिटावर व्होग्लिबोज हे नाव आहे का, एवढं आजच बघा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

टाइप १ आहे, इन्सुलिन घेतो. क्रिकेट खेळू का?

वसीम अक्रमला १९९७ साली तिशीत टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. १९९९ च्या विश्वचषकात तो पाकिस्तानचा कर्णधार होता आणि २००३ पर्यंत तो आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळत राहिला. तेव्हा खेळा, पण मोजून खेळा.

सुरू करताना शुगर ९० ते २५० च्या दरम्यान असावी. ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घ्या, एक केळं चालेल. २५० च्या वर असेल तर कीटोन तपासा. रक्तातले कीटोन १.५ किंवा जास्त असतील तर त्या दिवशी मैदान नाही, डॉक्टरांना फोन. आदल्या २४ तासांत दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल इतकी शुगर लो झाली असेल तरी खेळू नका, कारण पुढच्या वेळी शरीर इशारा उशिरा देतं.

जेवणानंतर लगेच खेळायचं असेल तर त्या जेवणाचं इन्सुलिन कमी करावं लागतं. किती, हे खेळाचा जोर आणि वेळ बघून डॉक्टरांनी ठरवायचं; शेजारच्या मुलाचा आकडा उसना घेऊ नका. धावायचं असेल तर मांडीत इंजेक्शन नको, पोटावर घ्या, कारण पळत्या पायातून इन्सुलिन भराभर शोषलं जातं. संध्याकाळी जोरात खेळणं झालं असेल तर पहाटे दोन-तीनलाही शुगर उतरू शकते. झोपण्याआधी तपासा, आणि पहिल्या काही वेळा आईवडिलांनी मध्यरात्री एकदा उठून बघावं.

दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तर खेळताना त्याचा आकडा रक्ताच्या मागे राहतो, शुगर झपाट्यानं उतरत असताना तर जास्तच. सेन्सर ९० दाखवतो आणि तुम्हाला लो वाटतंय, तर बोट टोचून बघा. इन्सुलिन गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हानं ते निकामी होतं.

शाळेतल्या पीटीच्या सरांना, कोचला आणि निदान एका मित्राला लो म्हणजे काय ते माहीत असायलाच हवं.

जिममधून आल्यावर शुगर वाढलेली दिसते. असं कसं?

खूप जोराचा, थोड्या वेळाचा व्यायाम (वेगानं पळणं, जड वजनं, अटीतटीचा सामना) ॲड्रेनालिन वाढवतो आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. तासा-दोन तासांत ती सहसा खाली येते. लगेच जादा इन्सुलिन घेऊ नका, मागाहून लो होईल.

शुगर ३०० च्या वर आहे. आज व्यायाम करू का?

टाइप २ असेल, अंगात ताप नाही, उलटी नाही, बरं वाटतंय, तर पाणी पिऊन हलकं चालायला हरकत नाही. घसा कोरडा, मळमळ, अशक्तपणा, पोटात दुखणं असेल तर घरी बसा आणि डॉक्टरांना कळवा. रोजच ३०० च्या वर असेल तर तो औषधाचा प्रश्न आहे.

पायांना मुंग्या येतात, गादीवर चालल्यासारखं वाटतं. चालू का? आणि वारीला जाऊ का?

चालता येईल, पण पाय रोज बघून. मुंग्या, बधिरपणा म्हणजे नसांवर परिणाम झाला आहे. खडा टोचला, बूट घासला, फोड आला, तरी मेंदूला कळत नाही. डॉक्टरांकडे वर्षातून एकदा तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना तपासून घ्या. नसांवर परिणाम असलेल्यांनी योग्य बुटात मध्यम चालल्यानं जखमा वाढत नाहीत, असं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा भीतीनं चालणं सोडू नका.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. घालण्याआधी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. मोजे रोज धुतलेले, वरची पट्टी घट्ट नको. रात्री तळवे आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला दाखवा, बोटांच्या बेचक्यांसकट. जखम उघडी असेल तर ती भरेपर्यंत त्या पायावर भार नको. खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करा. पाय लाल, गरम, सुजलेला आणि तरीही दुखत नाही, हे लक्षण सर्वांत फसवं: आतली हाडं ढासळत असू शकतात. पाय टेकणं थांबवून त्याच दिवशी दाखवा.

आता वारी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तेही आषाढाच्या तोंडावर. मधुमेह आहे म्हणून कुणाला वारी नाही म्हणायची वेळ क्वचित येते, पण अनवाणी वारीला माझा स्पष्ट नकार आहे, मग नवस कुणाचाही असो. नवरात्रातलं अनवाणी राहणं आणि उन्हात तापलेल्या फरशीवरच्या प्रदक्षिणा, यांनाही तेच लागू. बधिर तळव्याला चटका कळत नाही, तो संध्याकाळी फोडाच्या रूपात दिसतो. जाड मोजे घालून प्रदक्षिणा घाला, देव रागावत नाही.

वारीआधी दोन-तीन महिने अंतर हळूहळू वाढवा. नवा बूट वारीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. दिवसभर चालणं आणि जेवणाची वेळ अनिश्चित, यामुळे ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचा डोस बऱ्याचदा कमी करावा लागतो; तो निघण्याआधी ठरवून कागदावर लिहून घ्या. पावसात मोजे भिजले तर बदला, बेचक्या कोरड्या करा. दिंडीतल्या एकाला तरी सांगून ठेवा की मला शुगर आहे आणि ग्लुकोज या पिशवीत आहे.

डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाय म्हणाले. योगासनं चालतील?

कोणता टप्पा आहे यावर आहे. सुरुवातीचा असेल तर बहुतेक सगळं चालतं. नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढण्याचा पुढचा टप्पा असेल तर डोकं खाली जाणारी आसनं (शीर्षासन, सर्वांगासन, हलासन), उड्या, जड वजनं आणि श्वास कोंडून जोर लावणं बंद. सूर्यनमस्कारातही डोकं खाली जातं, आणि कपालभाती-भस्त्रिकेत जोराचे झटके असतात; डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. चालणं, स्थिर सायकल चालतं. लेसर किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर केव्हा सुरू करायचं ते त्यांनीच सांगायचं.

योग केला तर चालायची गरज उरते का?

उरते. आसनांनी लवचीकपणा आणि तोल सुधारतो, ताणही उतरतो. पण सावकाश आसनांत दम लागत नाही. वेगानं, सलग घातलेल्या सूर्यनमस्कारांत लागतो, तेवढी मिनिटं १५० मध्ये धरा.

सुरू करण्याआधी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करायलाच हवी का?

लक्षणं नसताना साधं भरभर चालणं सुरू करायला सगळ्यांना स्ट्रेस टेस्ट लागत नाही. छातीत दडपण, जिना चढताना नव्यानं लागणारी धाप, पूर्वी हृदयाचा त्रास, अनेक वर्षांचा मधुमेह आणि सोबत बीपी, तंबाखू किंवा किडनीचा आजार असेल, किंवा बैठं आयुष्य सोडून एकदम मॅरेथॉनचा बेत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

मधुमेहात हृदयाचं दुखणं मुकं असू शकतं. छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, खांदा, पोटाचा वरचा भाग दुखणं, किंवा नुसताच घाम आणि धाप, हेही हृदयाचं असू शकतं. ‘गॅस असेल’ म्हणत उरलेली फेरी पूर्ण करू नका. स्वस्थ बसलेले असतानाही नाडी १०० च्या वर राहते किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, हेही सांगा. हृदयाच्या नसांवर परिणाम झालेला असू शकतो.

गुडघे दुखतात.

स्थिर सायकल, पोहणं, खुर्चीतले व्यायाम. आणि मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करा, गुडघ्याचा भार तोच उचलतो.

गरोदरपणात शुगर निघाली आहे. विश्रांती घेऊ की चालू?

स्त्रीरोगतज्ज्ञांनी विश्रांती सांगितलेली नसेल तर चाला. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सपाट जागी. रक्तस्राव, पाणी जाणं, पोट कडक होणं, चक्कर यांपैकी काही झालं तर थांबा आणि रुग्णालय गाठा. सासूबाई ‘बसून राहा’ म्हणाल्या तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या.

उपवासाच्या दिवशी?

साबुदाण्याची खिचडी शुगर चढवते आणि निर्जळी उपवास ती उतरवू शकतो, म्हणजे ‘उपवास’ या एका नावाखाली दोन उलट गोष्टी आहेत. लो करणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर निर्जळी उपवासात व्यायाम नको. खिचडी खाल्ली असेल तर उलट नंतर पंधरा-वीस मिनिटं चालून या.

रोज दहा हजार पावलं हवीतच ना?

हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला. आज तीन हजारच होत असतील तर पाच हजार हे मोठं पाऊल आहे.

व्यायाम करून गोळ्या बंद होतील का?

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असाल तर व्यायाम आणि आहार यांचा प्रभाव सर्वांत जास्त दिसतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि थोडं वजन उतरवणं यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात ही घट २८.५ टक्के होती. आपल्या माणसांत फायदा कमी दिसला, पण मेटफॉर्मिनइतका तर दिसलाच.

मधुमेह झाल्यावर, विशेषतः पहिल्या काही वर्षांत, चांगलं वजन उतरवलं तर काहींच्या गोळ्या सुटतात, पण त्यात मोठा वाटा आहाराचा असतो. गोळी कमी करायचा निर्णय आकड्यांवर घ्यायचा. ग्लिमेपिराइड चालू असताना व्यायाम वाढवला आणि शुगर वरचेवर लो व्हायला लागली, तर खाणं वाढवत बसू नका; डोस कमी करायला या. इन्सुलिन स्वतःहून बंद करायचं नाही, टाइप १ मध्ये तर कधीच नाही.

लघवीतलं प्रोटीन तपासायचं आहे. त्या दिवशी चालून येऊ का?

आदल्या २४ तासांत जोराचा व्यायाम नको. त्यानं लघवीतलं अल्ब्युमिन (तपासायचं असतं तेच प्रोटीन) तात्पुरतं वाढतं आणि किडनी बिघडल्याचा खोटा रिपोर्ट हातात येतो. नमुना देऊन झाला की नेहमीची फेरी मारा.